श्रीमती शरच्चंद्र पाठक यांचा खुबा

पाठक गुरुजींना खुर्ची हवी होती. सभापतीची नव्हे, की लग्नात व्याह्यांसाठी मांडतात तशी गादीची नव्हे. चार पायांची, पाठ टेकायला एक फळी असलेली, साधी लाकडी खुर्ची. तशी खुर्ची शाळेत होती. गुरुजीही त्याच शाळेत होते. दोघांच्या मध्ये फक्त शासन होतं.

शाळा निंबखेडीची. डोणगावच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल इतक्या अंतरावर हे गाव आहे. गुरुजींचं पूर्ण नाव शरच्चंद्र पाठक आणि वर्ग पहिली. इतर शिक्षकांना पहिलीचा वर्ग म्हणजे काळं पाणी वाटे. शेंबूड, थुंकी लावून पुसलेल्या पाट्या, आणि दर पाच मिनिटांनी 'गुरुजी, एकीले जाऊ?' गुरुजींनी मात्र सत्तावीस वर्षं पहिली मागून घेतली होती. ते म्हणत, "दुसरीपासून पोरं शिकतात. पहिलीत ती उघडतात." निवृत्तीला पाच वर्षं उरली होती, पण गुरुजी तसं कधी म्हणत नसत. 'अजून पाच पहिल्या आहेत,' असं म्हणत.

दोन वर्षांपूर्वी सायकलीसकट ते नाल्यात गेले आणि तेव्हापासून उजव्या खुब्यात काहीतरी अडकू लागलं. चालता चालता पाय मध्येच कुलूप लावल्यासारखा थांबे. शेक झाला, लेप झाला, एका गृहस्थाने सुचवलेला लसूणही झाला. शेवटी मुंबईच्या भाच्याने परदेशातून शिकून आलेला एक डॉक्टर गाठला. त्याने मांडीच्या वरच्या अंगाला जवारीच्या दाण्याएवढी तीन भोकं पाडली, एकातून बारीक दुर्बीण आत घातली, आणि सांध्यात फिरणारा हाडाचा सुटा तुकडा चिमट्याने बाहेर काढला. तुकडा बाटलीत घालून गुरुजींच्या हाती दिला.

"गुरुजी, ही भोकं आठ दिवसांत भरतील," डॉक्टर म्हणाला. "सांधा मात्र तुम्हांला अजून पंचवीस वर्षं वापरायचाय. त्याच्या गादीला आधीच झीज आहे. तो किती टिकेल हे माझ्या दुर्बिणीवर नाही, तुमच्या बसण्यावर आहे. उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. जमिनीवर तर बसायचंच नाही. रोज थोडं चाला, वजन वाढू देऊ नका, आणि खुर्ची वापरा."

"एवढंच?" गुरुजींनी विचारलं. त्यांना ते पहिलीच्या अभ्यासाइतकं सोपं वाटलं.

रजा वाढवून घेण्यासाठी त्यांनी मुंबईहूनच तालुक्याच्या कचेरीत अर्ज धाडला. (कोणत्या तालुक्याच्या ते सांगण्यात अर्थ नाही; ज्याला त्याला ती आपलीच कचेरी वाटेल.) थोडक्यात लिहावं, असं ते मुलांना नेहमी शिकवत. त्याप्रमाणे त्यांनी थोडक्यात लिहिलं : 'माझी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली असल्याने पंधरा दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.' यात 'खुब्याच्या सांध्याची' हे दोन शब्द राहून गेले. सत्तावीस वर्षांत त्यांनी पाट्यांवरच्या हजारो चुका दुरुस्त केल्या. त्यांची स्वतःची एवढी एकच.

पण साल होतं सत्याऐंशी आणि महिना मार्च. त्या काळात आपल्या भागात दुर्बीण म्हटल्यावर कोणाला चंद्र-तारे आठवत नसत. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे कुटुंबकल्याणाचं. ते बायांचं असतं आणि ते मार्चअखेर असतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं, कारण शिबिर शाळेतच भरे आणि पोरांना सुट्टी मिळे. प्रत्येक गावाला अमुक इतक्या 'केसेस' द्याव्या लागत. निंबखेडीला बारा द्यायच्या होत्या. अकरा झाल्या होत्या. बारावीसाठी नर्सबाई बेबीताई घरोघर हिंडून दमल्या होत्या. आणि गुरुजींचा अर्ज कचेरीत पोचला एकोणतीस तारखेला.

तो उघडला रंगराव कारकुनांनी. त्यांनी तो एकदाच वाचला, कारण दोनदा वाचल्यास शंका येते, असा त्यांचा अनुभव होता. नोंदवहीत नावाच्या आधी 'श्रीमती' असं छापलेलं होतं. छापील शब्द खोडण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. म्हणून रंगरावांनी तो तसाच ठेवून पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'शरच्चंद्र पाठक. वय ५३. दुर्बीण. निंबखेडी.' साहेबांनी सही करताना क्षणभर पेन थांबवलं.

"शरच्चंद्र?"

"आताशा बाया कायबी नावं ठेवतात साहेब," रंगराव म्हणाले.

साहेबांनी सही केली. निंबखेडीचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं.

गुरुजी गावी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी बेबीताई गोळ्यांची पिशवी घेऊन दारात हजर झाल्या. त्यांना कचेरीतून यादी आली होती. दार गुरुजींच्या पत्नीने, शकुंतलाबाईंनी उघडलं.

"बाई, तुमचं दुर्बिणीचं झालं म्हणे. लोहाच्या गोळ्या आणल्या मी. टाके पाहू द्या."

"माझं नाही हो. यांचं झालं."

बेबीताईंनी यादीत पाहिलं, मग ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं, मग पुन्हा यादीत पाहिलं.

"गुरुजींचं? दुर्बिणीचं? बाप्पा! माणसाचं दुर्बिणीनं करत नाई नं!"

"मुंबईला करतात," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांना आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं. बेबीताईंनाही होतं. फक्त दोघींचा विषय एक नव्हता.

"पण बाई, या वयात कशाले? लेकरं तर संसाराले लागले तुमचे."

"त्रास किती व्हायचा त्यांना! रात्र रात्र झोप नसायची."

बेबीताई लाजल्या, गोळ्या ओट्यावर ठेवल्या आणि 'जड उचलू देऊ नका' म्हणून निघून गेल्या. हा घोळ जेव्हा उलगडला तेव्हा शकुंतलाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. गुरुजीही हसले. चूक होती, पण चुकीला ते कधी भीत नसत. 'क' उलटा काढणारं पोर पुढे सुलटा काढायला शिकतंच. सावकाश दुरुस्त करू, असं म्हणून त्यांनी कचेरीला एक सविस्तर पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी मे महिन्यात गावात मशीन आलं.

उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या गावाला शासनाने बक्षीस म्हणून हातपंप द्यायचं ठरवलं होतं. दोन दिवस धडधड झाली, तिसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाबाहेर दोनशे फूट खोलीवर पाणी लागलं. निंबखेडीच्या बाया उन्हाळ्यात दीड कोसावरच्या विहिरीतून पाणी आणत. आता हापसीचा दांडा हलवला की घागर भरत होती. पंपावर पाटी लागली : 'कुटुंबकल्याण पुरस्कार'. सोजराबाई नावाच्या म्हातारीने पहिल्या घागरीला हळदकुंकू लावलं आणि तीच बोटं गुरुजींच्या उंबऱ्यालाही लावून आली. गुरुजींनी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "काई नाई. बोटाले उरलं होतं."

जूनमध्ये शाळा उघडली आणि एक परिपत्रक आलं. वरच्या कोणा मोठ्या अधिकाऱ्याने कुठल्याशा परिषदेत ऐकलं होतं, की उंच जागी बसलेल्या गुरूची मुलाला भीती वाटते. सबब, 'समतल बैठक योजना'. इयत्ता पहिलीच्या शिक्षकाने यापुढे मुलांसमवेत जमिनीवर मांडी घालून बसावे, त्याची नजर व मुलांची नजर एका पातळीत राहावी, आणि त्या वर्गातील खुर्ची तात्काळ भांडारात जमा करावी. (परिपत्रकावर सही करणारे अधिकारी फिरत्या खुर्चीत बसत, पण त्यांना पहिलीचा वर्ग नव्हता.)

भगवंतराव हेडमास्तरांनी खुर्ची भांडारात नेऊन कुलूप घातलं. भांडार म्हणजे त्यांच्याच खोलीतलं लाकडी कपाट. खुर्ची त्यात मावेना, म्हणून कुलूप खुर्चीला घातलं.

"माझा नाइलाज आहे, गुरुजी," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या ऑफिसात बसा. रजिस्टरं लिहा. तिथे खुर्ची आहे. पहिली मी दुसऱ्या कोणाला देतो."

"आणि पोरांना अक्षर कोण लावेल?"

"कोणीतरी लावेल की."

"कोणीतरी लावलेलं अक्षर दिसतं, भगवंतराव," गुरुजी म्हणाले. "तुमचंच बघा."

मग गुरुजींनी रीतसर अर्ज केला. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. सांध्याच्या दीर्घकालीन आरोग्यासाठी वर्गात खुर्ची वापरण्याची परवानगी मिळावी. या वेळी एकही शब्द राहू दिला नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं :

'श्रीमती पाठक यांस कळविण्यात येते की, आपली शस्त्रक्रिया अभिलेखानुसार कुटुंबकल्याणाची असून सात दिवसांच्या विश्रांतीनंतर मांडी घालून बसण्यास प्रत्यवाय नाही. सबब खुर्ची नामंजूर. शस्त्रक्रियेबद्दल अभिनंदन.'

गुरुजी दुसऱ्याच दिवशी बस पकडून कचेरीत गेले. बरोबर हाडाची बाटली नेली. रंगरावांनी त्यांना ओळखलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

"हे बघा, रंगराव, हा माझ्या खुब्यातला तुकडा."

रंगरावांनी बाटली उजेडात धरली. "हाड हाये?"

"हाड आहे."

"तुमचंच कशावरून?"

"म्हणजे? माझ्यातून काढलंय!"

"तुमी काढताना पाह्यलं का?"

"मी बेशुद्ध होतो."

"मग?" रंगरावांनी बाटली हळूच परत ठेवली. "गुरुजी, रागाऊ नका. मले काय समजत नाई का? तुमी श्रीमती नाई, हे मले दिसून राह्यलं. पण वहीले कसं दिसन?"

"मग वहीतली नोंद काढून टाका."

"नोंद अशी निघत नाई. नियमात दोनच वाटा हाये. एक म्हणजे लाभार्थी मयत."

"आणि दुसरी?"

"शस्त्रक्रिया अयशस्वी. तशी केस कमी करता येते. फक्त एक कागद जोडा लागते."

"कोणता?"

"लेकराचा जन्मदाखला."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "कोणाच्या लेकराचा?"

"श्रीमती पाठकांच्या," रंगराव अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "ऑपरेशननंतरचा पायजे. जुने लेकरं चालत नाई."

गुरुजी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडेही गेले. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी गुरुजींना टेबलावर झोपवून पोट तपासलं, तिथे काही सापडेना, तेव्हा गुरुजींनी मांडीवरच्या तीन खुणा दाखवल्या. डॉक्टरांनी त्या बोटाने दाबून पाहिल्या.

"पोटापासून जरा लांबून घातलेली दिसते," ते म्हणाले. "मुंबईची पद्धत असेल. पण टाके छान भरलेत." आणि त्यांनी कागदावर लिहून दिलं : 'शस्त्रक्रिया यशस्वी.'

आता मात्र गुरुजींचा संयम संपला असं कोणी म्हणेल. तसं झालं नाही. पहिलीला सत्तावीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा संयम संपत नसतो, तो फक्त पुढच्या ओळीवर जातो. त्यांनी ठरवलं, थेट जिल्ह्याला लिहायचं. मुंबईचे सगळे कागद, फोटो आणि बाटली यांसकट. जिल्ह्याला लिहिलं की चौकशी लागते, चौकशी लागली की नोंद रद्द होते, हे शकुंतलाबाईंनी शेजारी सांगितलं. संध्याकाळी सरपंच अर्जुनराव पाच-सात माणसं घेऊन ओट्यावर आले.

"गुरुजी, जिल्ह्याले लिवून राह्यले म्हणते?"

"हो. माझं ऑपरेशन खुब्याचं होतं, अर्जुनराव."

"हाव नं. साऱ्या गावाले मालूम हाये. तुमी नाल्यात पडले तवा गाडी मीच तर जुपली होती."

"मग?"

"गावाले मालूम हाये," अर्जुनराव आवाज खाली आणून म्हणाले, "पण पंपाले नाई मालूम. त्याले कशाले कळू द्या लागते?"

नोंद रद्द झाली की निंबखेडीचे बाराचे अकरा होणार होते आणि बक्षीस परत जाणार होतं. दांडा, पाइप, पाटी, सगळं. तशी ताकीद खात्याने पंपाबरोबरच लेखी दिली होती.

"जमिनीतलं पाणीही परत नेणार का ते?" गुरुजींनी विचारलं.

"पाणी इथंच राह्यन. फक्त ते आपल्याले दिसणार नाई."

कुंपणापलीकडून हापसीचा आवाज येत होता. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. त्यांना आठवत होतं, दरवर्षी शाळा उघडली की पाऊस लागेपर्यंत त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरी गैरहजर असत, कारण त्या आयांबरोबर विहिरीवर जात. यंदा पहिल्या दिवसापासून सगळ्या हजर होत्या.

"पण मग मी बसू कुठे, अर्जुनराव? खाली बसलो की खुबा जातो. वर बसलो की नियम मोडतो. उभा राहून महिना काढला, तर हेडमास्तर म्हणतात नजर समतल ठेवायची असेल तर पोरांनाही उभं करा. दोन दिवस तेही केलं. पोरं उभ्या उभ्या झोपली."

गाव कृतघ्न नव्हतं. माणसं विचारात पडली. शेवटी जानराव नावाचा एक विहिरी खोदणारा म्हातारा, जो तोवर गप्प होता, म्हणाला, "गुरुजी वर राह्यले तर चालत नाई, लेकरं वर जाऊ शकत नाई. मंग जमीन खाली घ्या."

"म्हणजे?"

"खड्डा करू. खड्ड्यात खुर्ची ठिवू. गुरुजी खुर्चीत बसतीन, लेकरं जमिनीवर बसतीन. नजर एकसारखी. नियम बी राह्यला अन् खुबा बी."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहा माणसांनी पहिलीच्या वर्गात, फळ्यासमोर, दीड हात खोल, चौरस, कडा शेणाने सारवलेला खड्डा तयार केला. उतरायला दोन पायऱ्या केल्या. खुर्ची अर्जुनरावांनी स्वतःच्या घरून दिली. सोमवारी गुरुजी काठाला धरून खाली उतरले, खुर्चीत बसले आणि समोर पाहिलं. सत्तावीस वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. पोरांच्या पाट्या थेट डोळ्यांसमोर होत्या. पेन्सिल धरणारी बोटं कुठे अडतात, 'ळ' काढताना जीभ कशी बाहेर येते, सगळं. पोरं तर हरखूनच गेली. गुरुजी आपल्याएवढे झाले होते. त्या पावसाळ्यात पहिलीच्या वर्गात अक्षरं जितकी लवकर आली तितकी कधीच आली नव्हती. पाऊस झाला की खड्ड्यात ओल येई, मग पोरं राख आणून टाकत.

खुबा बरा होता. गुरुजी सकाळ-संध्याकाळ नाल्यापर्यंत चालून येत. डॉक्टरने सांगितलेलं सगळं ते करत होते, फक्त दीड हात खालून.

ऑगस्टमध्ये विस्तार अधिकारी तपासणीला आले. वर्गात शिरताच त्यांना मुलं दिसली, गुरुजींचं डोकं दिसलं, बाकी काही दिसलं नाही. ते काठावर गेले, वाकून पाहिलं, टेप मागवली. जमिनीपासून गुरुजींच्या कानापर्यंत आणि मुलांच्या कानापर्यंत मोजलं. फरक अर्धा इंच.

"उत्कृष्ट!" अधिकारी म्हणाले. "अहो, हे तर योजनेच्याही पुढे गेलं! फक्त एक."

"काय साहेब?" भगवंतराव पुढे झाले.

"ही खुर्ची. परिपत्रकात खुर्ची बसत नाही."

"पण साहेब, ती खड्ड्यात आहे," गुरुजी खालून म्हणाले.

"खड्ड्यात असली तरी खुर्ची ती खुर्चीच. काढा."

"ती काढली तर मी मुलांच्या दीड हात खाली जाईन. नजर समतल राहणार नाही."

अधिकाऱ्यांनी यावर खरोखरच विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"योजनेचा हेतू काय? मुलाला भीती वाटू नये. गुरुजी जितके खाली, तितकी भीती कमी. समतल तर साधलंच, वर नम्रताही साधली!"

त्यांनी अहवालात तसं लिहिलं. अहवाल वर गेला. महिनाभरात तालुक्यातल्या सर्व शाळांना आदेश निघाला, की पहिलीच्या प्रत्येक वर्गात निंबखेडी नमुन्याचा खड्डा खोदून त्यात शिक्षकाने मांडी घालून बसावे. इतर गावचे शिक्षक बाजारात गुरुजींना भेटत, ते नमस्कार न करता.

भगवंतराव पुन्हा म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. ऑफिसात या. खुर्ची आहे, पंखाही आहे."

गुरुजींनी वर्गाकडे पाहिलं. बत्तीस पोरं होती. त्यांतली एकोणीस 'म'पर्यंत आली होती, सात 'ग'लाच अडकली होती, आणि सहा जणांना अजून पेन्सिल खायची असते की धरायची हे ठरवता येत नव्हतं. त्यांनी खुर्ची वर दिली आणि खाली मांडी घातली.

मधली सुट्टी झाली की अख्खा वर्ग काठावर गोळा होई, बत्तीस जोड्या हात खाली येत, 'एक, दोन, साडेतीन!' असा ओरडा होई आणि गुरुजी वर येत. पोरांचा दिवसातला तो सर्वांत आवडता तास होता. गणवेशाची बटणं तुटत. खुब्यातून कधी कधी आवाज येई. पोरांना वाटे तो बटणाचा.

दिवाळीच्या सुट्टीत ते मुंबईला तपासणीला गेले. डॉक्टरने फोटो काढला आणि तो उजेडाला धरला.

"गुरुजी, मी काय सांगितलं होतं?"

"जमिनीवर बसू नका म्हणाला होतात."

"मग?"

"नाही बसलो," गुरुजी म्हणाले. ते खोटं बोलत नसत. "जमिनीच्या खाली बसलो."

डॉक्टरने मान हलवली. सांध्याची गादी झिजून तिचे तुकडे आत फिरत होते. पुन्हा एकदा दुर्बीण घालून ते काढावे लागणार होते. "या वेळी फरक पडेल, पण थोडाच. पुढच्या वेळी सांधाच बदलायची पाळी येईल. आणि सगळा भार डाव्या पायावर टाकताय, तर तोही सांभाळा. तो अजून उत्तम आहे."

गुरुजींनी वर्ग लावून दिला, 'ग'च्या सात पोरांची नावं कागदावर लिहून ठेवली आणि फेब्रुवारीअखेर निघाले. मेहकरच्या बसची वेळ सकाळी सातची. फाट्यावर पाहतात तो अर्धं गाव आलेलं. हार होते, नारळ होता. बेबीताई गोळ्या घेऊन आल्या होत्या. आणि खुद्द रंगराव तालुक्याहून पहिल्या गाडीने येऊन उभे होते, हातात टाइप केलेला कागद.

"रजेचा अर्ज लिहून आणला गुरुजी. तुमाले तकलीफ नको. फक्त सही करा."

अर्जात लिहिलं होतं : 'माझी पुनश्च दुर्बिणीची शस्त्रक्रीया होणार असल्याने...' खाली 'श्रीमती' होतंच.

अर्जुनरावांनी हार घातला आणि कानाशी लागले. "गुरुजी, यंदा बी गावाले बाराच केसेस लावल्या. अकरा झाल्या. बारा झाल्या तर फाट्यापासून गावापर्यंत पक्का रस्ता हाये. पावसाळ्यात बाळंतिणीले खाटेवर आणा लागते, तुमाले मालूमच हाये."

गुरुजींनी पेन काढलं. 'शस्त्रक्रीया'च्या आधी दोन शब्द मावतील इतकी जागा होती. पेनाचं टोक तिथे टेकलं. बाया पदर धरून उभ्या होत्या, सोजराबाईच्या कडेवरची नात हार ओढत होती, आणि लांबून बसचा हॉर्न ऐकू आला.

गुरुजींनी 'क्री' खोडून ऱ्हस्व 'क्रि' केली आणि सही केली.

टाळ्या पडल्या. चार जणांनी त्यांना अलगद उचलून बसमध्ये ठेवलं. बस हलली तशी सोजराबाई खिडकीशी धावली. तिचं मन मोठं मायाळू.

"गुरुजी, जपून राहा हो! अन् डावा खुबा कसा हाये तुमचा?"

"डावा चांगला आहे, सोजराबाई."

"देवाची किरपा!" ती म्हणाली, आणि मागे वळून सरपंचांना मोठ्याने सांगितलं, "डावा चांगला हाये हो! शाळेच्या नवीन खोलीचं बी होऊन जाईन!"

रस्ता झाला. आजही उत्तम आहे. आपण त्या रस्त्याने गेला असाल तर एकही खड्डा लागला नसेल, आणि आपण म्हणालाही असाल की शासनाने मनात आणलं तर काम कसं होतं बघा. तो कोणामुळे झाला हे कोणाला विचारावंसं वाटलं नसेल. रस्ता गुळगुळीत असला की कोणी विचारत नाही. हरकत नाही. आता घरी गेल्यावर नळ सोडाल, ग्लास भराल. पिण्याआधी फक्त एकदा खिडकीतून बाहेर पाहा, आपल्या गल्लीत कोण लंगडतंय.